परातीवरचं नाव

सलग अकरा दिवाळ्या रंभाबाई गजभियांचा फराळाचा डबा मराठी मंडळाच्या एजवेअरच्या हॉलमध्ये भरलेला गेला आणि भरलेलाच परत आला. चकली मऊ पडली किंवा करंजी फुटली असं म्हणायला कुणाला जागा नव्हती. लंडनच्या हॉस्पिटलात वर्षाकाठी दीड-दोनशे बाळं सुखरूप बाहेर काढणाऱ्या मिडवाइफला करंजीची मुरड काय जड? पण डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'सौ. रंभाबाई यादवराव गजभिये, नागपूर'. मंडळातल्या बायका टेबलाशी आल्या की औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं आधी ते झाकण वाचायच्या, आणि मग त्यांना एकाएकी पोट भरल्याची आठवण व्हायची.

"अगंबाई, आत्ताच किती खाल्लं मी."

"माझा ना, शनिवार असतो."

"ह्यांनी मला शुगर बंद केलीय." हे म्हणणारीच्या हातात शेजारच्या डब्यातला दुसरा अनारसा असायचा.

मंडळ डॉक्टरांचं आणि डॉक्टरांच्या बायकांचं. पिनर, हॅरो, एजवेअर इकडची चांगली शिकली-सवरलेली माणसं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. यांचा तर सुंभही जळला नव्हता. बोटीतून आणून, उन्हं दाखवून, पिनरच्या सेमी-डिटॅच्ड घरात तो नीट गुंडाळून ठेवला होता. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. उलट 'रंभाताई, या ना, बसा ना' असायचं. ओठांत एक आणि पोटात एक, आणि त्या पोटात रंभाबाईंच्या हातचं काही जाता कामा नये एवढंच.

या सगळ्यांची पुढारीण म्हणजे सुलक्षणा, भूल देणाऱ्या डॉक्टर चंद्रशेखरांची बायको आणि त्या वर्षीची मंडळाची अध्यक्ष. तिच्याशी रंभाबाईंचं जे होतं ते साधं वैर नव्हतं. शहात्तरच्या जानेवारीत सुलक्षणा पहिलटकरीण म्हणून रंभाबाईंच्या वॉर्डात आली. मूल पायाळू, कळा सव्वीस तास, नवरा दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात अडकलेला आणि बाहेर बर्फ. रंभाबाईंची ड्यूटी संपली तरी त्या घरी गेल्या नाहीत. मुलगी झाली. पुढचे तीन दिवस रंभाबाईंनी घरून अळिवाची खीर करून आणली, आणि सुलक्षणानं वाटी बोटानं पुसून चाटली. म्हणाली, "ताई, तुमच्या हाताला माझ्या आईच्या हाताची चव आहे हो." परक्या मुलखात असं कुणी म्हटलं की माणूस विरघळतं. रंभाबाई विरघळल्या.

महिन्यानं सुलक्षणा पेढे घेऊन घरी आली. बसली, हसली, चहा घेतला. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथे बुद्ध होते आणि शेजारी बाबासाहेब. कप अर्धा झाला होता, तो तिनं हलकेच बशीत ठेवला. "निघते हं, बेबी एकटी आहे," म्हणाली. बेबी तिच्या मांडीवर होती. गरज सरो नि वैद्य मरो हे ठीक, पण ही वैद्य मेली नव्हती आणि विसरणाऱ्यांतलीही नव्हती.

"कायले जाते तू त्यायच्यात?" यादवराव दर दिवाळीला विचारायचे. ते पोस्टात चिठ्ठ्या सॉर्ट करायचे आणि मुळात शांत गृहस्थ. चौदा एप्रिलला किंग हेन्रीज रोडवर, बाबासाहेब शिकताना राहिले त्या घरासमोरच्या फुटपाथवर पाच मिनिटं उभं राहून यायचं, हा त्यांचा सण. "आपले लोक आहेत न इथं. आपली सभा आहे. तिथं तुझ्या चकल्यांवर उड्या पडतात."

"तिथं पडतात हे मला माहीत आहे," रंभाबाई म्हणायच्या. "मला त्या हॉलमधून डबा रिकामा आणायचाय. एकदा. मग नाही जाणार."

हट्ट म्हणा, खूळ म्हणा. आदल्या वर्षी, शहाऐंशीच्या दिवाळीत, या खुळाला धार आली. त्या दिवशी नऊ करंज्या कमी झाल्या होत्या. रंभाबाईंचं काळीज वेडं, ते हरखून गेलं. हॉल आवरायला त्या नेहमीप्रमाणे थांबल्या आणि खुर्च्यांमागचा कचऱ्याचा बिन रिकामा करायला गेल्या, तर आत नऊही करंज्या. एकेक, कागदी नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलेली, दात न लागलेली. नुसती टाकली असती तरी चाललं असतं. गुंडाळून टाकली याचा त्यांना जास्त राग आला.

आता विल्माबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं काही घडलंच नसतं. विल्मा अशर ही त्याच वॉर्डातली नर्सिंग ऑक्झिलरी, म्हणजे मदतनीस, बेलीझची. मेक्सिकोच्या खाली, समुद्राला टेकलेला छोटासा देश. ब्रिटिशांनी सोडून त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती. विल्मा काळी, उंच, खळखळून हसणारी. तिची आई तिथल्या एका गावात सिनेमा थिएटरसमोर गारनाचेस विकायची. हे गारनाचेस म्हणजे तळहाताएवढ्या मक्याच्या पोळ्या, कडक तळलेल्या. त्यावर घोटलेले राजमे, त्यावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला कोबी-कांदा, वर किसलेलं चीज आणि जाळ काढणारी मिरची. गावात सगळे ते उभ्याउभ्या खायचे, शाळेतून येताना, चर्चमधून येताना.

चार वर्षांपूर्वी टी-ब्रेकमध्ये विल्मा रडकुंडीला येऊन म्हणाली होती की या देशात मका मिळतो, सगळं मिळतं, पण मका शिजवायला चुना मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवल्याशिवाय मक्याची साल सुटत नाही आणि पीठ एकजीव होत नाही. दुकानदार तिला भिंतीला लावायचं काहीतरी दाखवायचे. "चुना?" रंभाबाई म्हणाल्या. "खायचा चुना?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वेंब्लीच्या पानवाल्याकडची डबी तिच्या हातात ठेवली. विल्मानं ती उघडून हुंगली आणि त्यांना मिठी मारली.

तेव्हापासून महिन्यातून एखाद्या रविवारी विल्मा रंभाबाईंच्या स्वयंपाकघरात असायची. रंभाबाईंचा पाटा-वरवंटा पाहून ती जमिनीवर बसलीच. तिच्या आजीकडे असाच दगड होता. वाटण तिचं छान, पण थापायचं म्हटलं की पोळी फाटायची. लहानपणी ते काम मोठ्या बहिणीचं होतं. रंभाबाईंनी ज्वारीची भाकरी थापण्यात जन्म काढलेला. त्यांच्या हातून मक्याच्या चकत्या नाण्यासारख्या गोल पडायच्या. "सिस्टर, तू आईपेक्षा चांगल्या करतेस," विल्मा इंग्रजीत म्हणायची. सगळं बोलणं इंग्रजीतच, दोघींची आपापली इंग्रजी. तिचं घर हार्लेस्डेनला होतं. तिकडे जायचं रंभाबाईंना कधी जमलं नाही. दोनतीनदा विल्मानं त्यांच्यासाठी डब्यात भात आणि बीन्स आणले होते, तेव्हाही नेमकं रंभाबाईंचं जेवण झालेलं होतं. असो.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात मंडळाचं पत्रक आलं. अध्यक्षांच्या सहीचं. यंदाच्या फराळाला प्रत्येक कुटुंबानं एक परदेशी स्नेही आणावा, जमल्यास त्यानं आपल्या देशाचा पदार्थ आणावा, आपल्या मंडळाची दारं सर्वांना खुली आहेत. रंभाबाईंनी ते 'सर्वांना' दोनदा वाचलं. मग माळ्यावरून परात काढली.

ही परात त्यांच्या आईनं, शांताबाईनं, एकाहत्तर साली त्या निघताना दिलेली. बिड्या वळून जमवलेल्या पैशांची, स्टीलची, चांगली सव्वा हात रुंद. भांड्यावर नाव घालणारा दुकानदार काठावर घालत होता, तर शांताबाई म्हणाली, "काठावर नको, बाबू. मधात घाल. जेवणाऱ्याले दिसलं पाहिजे कोणाच्या घरचं खाऊन राहिला तो." म्हणून डब्यावरचंच नाव इथे आत, बरोबर मधोमध होतं. वरती काही वाढलं की झाकलं जायचं, संपलं की दिसायचं. सोळा वर्षांत ती परात त्या हॉलमध्ये कधी गेली नव्हती.

बेत सोपा होता. रंभाबाई खोटं बोलणार नव्हत्या, कुणाचा धर्मही बुडवणार नव्हत्या. विल्मा घरी बीन्स चरबीत परतायची. रंभाबाईंनी सूर्यफुलाचं तेल आणलं. चीजमध्ये जनावराचं काही नाही ना, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. उपासवाल्यांचा शनिवार होता, त्या खाणार नाहीत तर न खावोत. जे खातील त्यांच्या पोटात मका, राजमा, कोबी याखेरीज काही जाणार नव्हतं. फक्त हात रंभाबाईंचा.

"कुणी विचारलं तर सांग, आईची रेसिपी आहे," त्यांनी विल्माला सांगितलं. "माझं नाव कशाला?"

"का? थापल्यास तर तू."

"तुझ्या देशाचा पदार्थ आहे. तू पुढे उभी राहा. मी किचनमधून देते."

विल्मानं खांदे उडवले. तिला वाटलं सिस्टर लाजते आहे.

फराळाच्या दिवशी वादळ होऊन आठवडा झाला होता. इंग्लंडात कुणी पाहिलं नव्हतं असं वादळ, रस्त्यारस्त्याला झाडं आडवी. हॉलच्या बाहेरही एक मोठं झाड करवतून फुटपाथवर रचून ठेवलं होतं. विल्मा त्याच्याकडे पाहून हसली. तिच्या लहानपणी तिच्या देशाची अख्खी राजधानी वाऱ्यानं समुद्रात नेली होती. दुपारी तीनला ती टेबलाशी उभी राहिली, पिवळा ॲप्रन, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तळलेल्या पोळ्यांचे चार डबे आत किचनमध्ये रंभाबाईंपाशी. किचन आणि हॉल यांच्या मध्ये खिडकीसारखं एक हॅच होतं. त्यातून रंभाबाई पोळ्या द्यायच्या, विल्मा त्या परातीत गोल मांडून वर बीन्स, कोबी, चीज घालायची. पहिला थर रंभाबाईंनी स्वतः मांडला होता, मधल्या नावापासून सुरुवात करून बाहेरपर्यंत.

सुलक्षणा हॅचशी डोकावली. काठापदराची जांभळी साडी, हातात जरीची पर्स. "रंभाताई, आज तुमचा डबा नाही?"

"नाही आणला."

"बरं झालं. नाही म्हणजे, पदार्थ फार झालेत हो." तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती रंभाबाईंनी नीट पाहून घेतली.

पहिल्यांदा अनुराधा आली. ही सुलक्षणाची सावली. ती शिंकली की हिला सर्दी. "हाऊ इंटरेस्टिंग," म्हणत तिनं एक उचललं, चावलं आणि डोळे मिटले. "सुलक्षणा, अगं इकडे ये. हे आपल्या शेवपुरीच्या वरताण आहे." मग रांगच लागली. डॉक्टर मंडळी प्लेटा घेऊन दुसऱ्यांदा आली. कुणीतरी आपला इंग्रज शेजारी ओढत आणला. पोरं खाऊन तोंड पोळून पाणी प्यायला पळाली आणि परत आली. बाकीच्या टेबलांवर चिवडा तसाच पडून होता. परात रिकामी व्हायच्या आत विल्मा ती भरत होती, आणि हॅचमागे रंभाबाई एकेक डबा उघडत होत्या. आनंद म्हणावा तर तसं काही नव्हतं. पायाळू मूल अर्धं बाहेर आलेलं असताना जसा श्वास धरून ठेवावा लागतो तसा त्यांनी तो धरला होता.

सुलक्षणानं चार खाल्ले. रंभाबाईंनी मोजले. तिसऱ्यानंतर तिनं विल्माला इंग्रजीत विचारलं की हे इतकं हलकं कसं होतं.

"आईची रेसिपी," विल्मा सांगितल्याप्रमाणे म्हणाली.

"तरीच. अशी चव आईच्याच हाताला असते," सुलक्षणा म्हणाली.

हॅचच्या आत रंभाबाईंनी चौथा डबा बंद केला. अजून पंधरावीस पोळ्या शिल्लक होत्या. त्या त्यांनी दिल्याच नाहीत.

परातीतली गर्दी विरळ होऊ लागली. आधी 'नागपूर' मोकळं झालं. ते कुणी पाहिलं नाही. डॉक्टर चंद्रशेखरांनी दोन उचलले तेव्हा 'यादवराव' दिसायला लागलं. शेवटचे दोन राहिले. त्यातला एक सुलक्षणानं घेतला, अर्धा तोडला, आणि चावता चावता तिची नजर खाली गेली. तिथे आता आडवी ओळ पूर्ण उघडी होती, कोबीचा एक तुकडा 'सौ.'ला चिकटलेला.

तिचं चावणं थांबलं. तोंडात घास तसाच.

"ही परात कुणाची?" तिनं विचारलं.

रंभाबाई किचनच्या दारातून बाहेर आल्या. टॉवेलला हात पुसत, सावकाश. "माझी. नाव आहे की त्यावर."

"परात तुमची. ते ठीक आहे." सुलक्षणानं घास कसाबसा गिळला. "पण हे?"

"मका मी शिजवला. मी वाटला, मी थापला, मी तळला. वरचं विल्माचं."

अनुराधानं पर्समधून टिश्यू काढला आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली. करंगळीसुद्धा सोडली नाही. मागे रांगेत उभ्या बायकांपैकी दोघी चहाच्या टेबलाकडे सरकल्या. हॉल मोठा होता, पण पार स्टेजपर्यंतच्या माना त्या कोपऱ्याकडे वळल्या.

सुलक्षणानं हातातला अर्धा गारनाच परातीच्या काठाशी ठेवला. "रंभाताई, हे तुम्ही बरं नाही केलंत. फसवलंत आम्हाला."

"कशात फसवलं?"

"आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगायला हवं होतं? अंडं नाही, चरबी नाही, कांदा आहे तो दिसतोय. आणखी काय सांगायचं राहिलं ते तुम्ही सांगा. मराठीत सांगा, सगळ्यांना कळेल असं."

सुलक्षणाचा चेहरा लाल झाला. ती इकडे तिकडे पाहू लागली, पण तो शब्द तिच्या मदतीला कोण उच्चारणार? अकरा वर्षं त्या गोष्टीला नाव नव्हतं म्हणूनच ती चालली होती.

"अहो, सणाचा दिवस आहे," डॉक्टर चंद्रशेखर मध्ये पडले. "कशाला विषय वाढवायचा?"

"डॉक्टर, तुम्ही सात खाल्लेत. काही होतंय का तुम्हाला? होत असेल तर सांगा, मी नर्स आहे."

त्यांनी हातातली प्लेट हळूच मागच्या खुर्चीवर ठेवली.

"तसलं काही आम्ही मानत नाही," सुलक्षणा एकदम म्हणाली. "तुम्ही उगाच मनाला लावून घेता. आम्ही असलं काही मानत नाही हो."

"मग खा," रंभाबाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. अर्धा तुकडा दोघींच्या मध्ये परातीत पडून होता, त्यावर सुलक्षणाच्या दातांची खूण आणि लिपस्टिकचा ठसा. सुलक्षणाचा हात हलला नाही. सगळा हॉल त्या हाताकडे पाहत होता, आणि तो हलत नव्हता. तिनं जे तोंडानं सांगितलं नाही ते हातानं सांगितलं, आणि यापेक्षा स्पष्ट मराठी कुणाला येत असेल असं मला वाटत नाही.

रंभाबाईंनी तो तुकडा उचलला. "माझी आई लहानपणी पाटलाच्या अंगणात उभी राहून पदरात उष्टं घ्यायची. छप्पन साली आमच्या घरानं ते सोडलं. हे तुमचं उष्टं आहे. माझ्या आईच्या परातीत ठेवू नका." आणि त्यांनी तो सुलक्षणाच्या हातावर ठेवला. तळहात धरून, बोटं मिटवून, नवीन आईच्या हातात बाळाचं बोट देतात तशी. "मागच्या वर्षी माझ्या नऊ करंज्या नॅपकिनमध्ये गुंडाळून त्या तिकडच्या बिनमध्ये गेल्या. आज गुंडाळू नका. खा, नाहीतर सगळ्यांसमोर टाका."

"आणि तीन दिवस अळिवाची खीर खाल्लीत ती कुठे टाकलीत, तेही कधीतरी सांगा," त्या म्हणाल्या.

सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं कोण जाणे. रंभाबाईंनी ते तपासलं नाही. तिनं तोंडाकडे हात नेला नाही, बिनकडेही गेली नाही. जरीची पर्स उघडली आणि तो तुकडा, बीन्स, कोबी, चीजसकट, आत टाकून चेन ओढली. मग ती नवऱ्याकडे न बघता बाहेर गेली. पर्सच्या कोपऱ्यातून लाल डाग हळूहळू बाहेर येत होता.

शेवटचा एक गारनाच राहिला होता. कुणी हात लावेना. शेवटी त्या इंग्रज शेजाऱ्यानं, काय चाललंय ते न कळून, तो उचलून खाल्ला आणि "लव्हली" म्हणाला. परात रिकामी झाली.

बसस्टॉपवर दोघी उभ्या होत्या. सहा वाजले होते, उजेड गेला होता. रंभाबाईंच्या काखेत कापडात गुंडाळलेली परात होती. अकरा वर्षांत न मिळालेलं मिळालं होतं, आणि छाती भरून यायला हवी होती. विल्मा रस्त्याकडे तोंड करून उभी होती. हॉलमध्ये तिनं विचारलं होतं, "काय झालं? का गेली ती?" आणि रंभाबाईंना तिथल्या तिथे दोन वाक्यांत सांगावं लागलं होतं. दोन वाक्यांत ते सगळं मावतं, हे त्यांनाही नवीन होतं.

"तुझ्या हातचं त्यांनी खाल्लं नसतं," विल्मा अखेर म्हणाली.

"नाही."

"म्हणून माझा हात पुढे केलास. ग्लोव्हसारखा. काम झालं की उलटा काढून टाकायचा."

"तसं नव्हतं गं."

"माझ्या आईचं नाव तू माझ्या तोंडून वापरलंस, सिस्टर. मला आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली," रंभाबाई म्हणाल्या. हे त्यांनी यादवरावांनाही कधी सांगितलं नव्हतं. "तुला सांगायची लाज वाटली. की आमच्यात असं असतं, आणि मी त्यातली खालची."

विल्मानं मान हलवली. तिचा चेहरा नरम झाला नाही. "ते लोक तुला काय म्हणायचे? पोट भरलंय?"

"हो. अकरा वर्षं."

"मला तू चार वर्षं म्हणतेयस."

रंभाबाईंना वाटलं काही बोलावं, ड्यूटीचं, यादवरावांच्या पथ्याचं. पण तेवढ्यात त्यांना आठवलं. पहिल्या वर्षी विल्मानं डबा आणला तेव्हा घरी येऊन त्या यादवरावांना म्हणाल्या होत्या, "त्यात डुकराचं शेपूट असतं म्हणे. आणि त्या लोकांची भांडी कशी असतात कोणास ठाऊक." अगदी सहज म्हणाल्या होत्या, बुटाच्या नाड्या सोडता सोडता. सुलक्षणाही त्या दिवशी घरी जाऊन असंच काहीतरी, असंच सहज म्हणाली असेल.

"मी येते," त्या म्हणाल्या. "आत्ता. तुझ्याकडे जेवायला येते. जे असेल ते."

हार्लेस्डेनकडे जाणारी बस वळणावर दिसली. विल्मानं हात दाखवून ती थांबवली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. तीन तास ती दुसऱ्यांना वाढत उभी होती आणि एक गारनाचसुद्धा तिनं तोंडात टाकला नव्हता, हे रंभाबाईंनी हॅचमधून पाहिलं होतं.

"आज नको, सिस्टर," विल्मा पायरीवर चढत म्हणाली. "माझं पोट भरलंय."

दार मिटलं. बस गेली. रंभाबाई काखेतली परात सावरत आपल्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.